जीप उंच केली तेव्हा

लकव्याने माझ्या म्हाताऱ्याचं डावं अंग गेलं, तेव्हा आमच्या पोराने जुनी जीप घेतली. हात-पाय हलते राहावेत म्हणून त्याला दर आठवड्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं होतं. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मधे नाला. पावसाळ्यात चाकं गाळात नुसती गरगर फिरत आणि आम्ही अर्ध्यातून परत येत असू.

टायर झिजले होतेच. पोरगा म्हणाला, आता नाल्याला पुरतील असेच घेऊ. आम्ही तळ्यात मासे धरणारी माणसं, खोली काढायची तर बांबू लागतो. त्याने नाल्यात बांबू उभा केला, पाणी लागलं तिथे कोयत्याने खूण केली आणि तो बांबू जीपच्या टपावर बांधून वरोऱ्याला नेला. मीही गेले. म्हातारा मागच्या बाकावर बसून होता.

दुकानदाराने दोन तऱ्हेचे टायर दाखवले. एक साधे, रस्त्याचे. दुसरे ट्रॅक्टरसारखे, खोल खाचांचे.

"हे चिखलाचे," तो म्हणाला. "पण मोठे आहेत, वर घासतीन. गाडी उचलाव लागन. खालचे स्प्रिंगचे पाटे वाढवून देतो."

"किती उचलान?" पोराने विचारलं आणि बांबू जीपला लावला.

दुकानदार हसला. "भाऊ, टायर घ्यायले आले का मासे धरायले?"

मग तो वाकून खाली पाहू लागला. "हे पायदान काढाव लागन. नाल्यातल्या दगडाले अडकन."

मी म्हटलं, "मंग त्यानं चढाव कसं?"

"बाई, चढवाले पोरगा आहे ना तुमचा. भीमासारखा."

पोरगा खूश झाला. पाण्याचं माप घेतलं, म्हाताऱ्याच्या पायाचं कोणी घेतलं नाही.

त्या पायदानाची गोष्ट अशी. म्हाताऱ्याला घरात सगळं माझ्या हातून करून घ्यावं लागे. आंघोळ, धोतर, सगळं. पण जीपमधे तो आपला आपण चढे. उजव्या हाताने दांडा धरायचा, उजवा पाय पायदानावर ठेवायचा आणि अंग वर ओढायचं. डावा पाय मी मागून उचलून ठेवायची, तेवढंच. वेळ लागे. कोणी मदतीला आलं की तो खेकसे, "हात नोको लावू."

जीप उंच झाली. नाल्यातून अशी निघाली की गावातली पोरं काठावर टाळ्या वाजवत होती. पुढच्या आठवड्यात म्हातारा दांडा धरून उभा राहिला. पाय उचलला, तो पोचला नाही. मी स्टूल आणलं. त्यावर उभं राहायला दोन्ही पाय लागतात, तो कोसळला. पोराने त्याला काखेत हात घालून उचललं आणि बाकावर टाकलं. उतरतानाही तसंच, दवाखान्याच्या दारात, सगळ्या लोकांपुढे. दोन खेपा अशा झाल्या.

तिसऱ्या वेळी तो खाटेवरून उठलाच नाही.

"चला बाबा, उशीर होऊन राह्यला," पोरगा म्हणाला.

"मी धानाचं पोतं आहो का? तू उचलशीन अन् फेकशीन?"

"अजी, बापाले उचललं तं काय बिघडलं?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो कधीच गेला नाही. मी समजावलं, शिव्या दिल्या, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही.

जीपला मात्र मागणी आली. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला लोक भाड्याने नेतात, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. जत्रेच्या दिवसांत नाल्यात घोट्याएवढंही पाणी नसतं.

एक दिवस मी पोराला म्हटलं, "ते पाटे काढ. पायदान लाव पयल्यासारखं."

"मंग पावसाळ्यात नाला कसा पार करशीन, माय?"

"पावसाळ्याचं काय सांगतं? तो उन्हाळ्यातबी येऊन नाई राह्यला."

तो चावी उचलून भाड्याला निघून गेला. म्हाताऱ्याची डाव्या हाताची बोटं आता वळून तळव्याला चिकटली आहेत. नखं कापायची तर मला ती एकेक सोडवावी लागतात आणि तेव्हाही तो भिंतीकडेच पाहतो.