दसऱ्याला अंग धरलेला शाफ्ट

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी मेकॅनिकलची. लिंबू-मिरची टांगलेली गाडी गेली तरी मला आधी तिच्या इंजिनाचा खडखडाट ऐकू येतो. पण मागच्या दसऱ्याला जे झालं ते भर सकाळी, आमच्या सोलापूरच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत झालं... त्याला मी काय करू?

आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार आहे. तिकडची मुलं तीन आठवडे आली होती. एक तिकडचा, एक इकडचा अशी जोडी, आणि जोडीने स्वतःच्या हाताने एक मशीन बनवायचं. माझी जोडीदार लीना — उंच, बडबडी, आणि दोन दिवसांत शेंगाचटणीशिवाय जेवेनाशी झालेली. आम्ही डाळिंबाचे दाणे काढायचं मशीन घेतलं, कारण माझ्या मामाची सांगोल्याला बाग आहे. बेअरिंग लीनाने तिकडून आणलेलं, त्यात घट्ट बसणारा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, मी लेथवर कापून करायचा. मशीन चाललं तर पुढचं सत्र आम्ही दोघींनी तिच्या विद्यापीठात काम करायचं. मला ते इतकं हवं होतं की मी आधीच स्वेटरांची चौकशी करून ठेवली होती!

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा झाली. लेथ, ड्रिल, पाने, हातोड्या — सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडू. त्या दिवशी मशीनला सुट्टी. लीना हरखूनच गेली. दिसेल त्याला कुंकू लावत सुटली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सुट्टी होती, पण पाहुणे परत निघणार म्हणून दुपारी प्रात्यक्षिक ठेवलेलं. शाफ्टचा शेवटचा कट तेवढा राहिला होता. मी मायक्रोमीटरने मोजलं, जास्त होतं तेवढं काढलं, बेअरिंग चढवलं... आणि ते खुळखुळलं. चक्क ढिलं!

वर्कशॉपचे बिराजदार सर धावत आले. मायक्रोमीटर उजेडात धरून म्हणाले, "अगं, ह्याच्या तोंडात कुंकू हाय की!"

झालं. कुंकवासकट मोजल्यामुळे शाफ्ट जाड वाटला आणि मी नको तेवढा कापला. सरांनी मायक्रोमीटर पुसून पुन्हा मोजलं. कमीच. मी मोजलं. कमीच. शाफ्टसाठी नवा लोखंडी बार आणावा तर दुकान बंद. लीना "सॉरी, सॉरी" करत रडायच्या बेतात, आणि मी तर रडतच होते.

तेवढ्यात दारात मामा, डाळिंबाचे क्रेट घेऊन.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"मामा, मशीन नाही चालणार. शाफ्ट बारीक झाला."

"चालंल की! आधी सण तर करा." मामाने खिशातून आपट्याची पानं काढली आणि एक लीनाच्या हातावर ठेवलं. "घे पोरी, सोनं. लई लांबनं आलीयास."

याचं काय करायचं, असं लीनाने विचारलं. मी डोळे पुसत म्हटलं, ज्याचं भलं व्हावं असं वाटतं त्याला दे. तिने ते पान शाफ्टवर ठेवलं. मग आम्ही सगळे दाराबाहेर चहा प्यायलो. आत कुणी नव्हतं, कुणी गेलंही नाही.

परत आल्यावर लीनाने उगाच एकदा बेअरिंग लावून बघितलं. ते गेलं — पण घट्ट! पाहिजे तितकंच घट्ट. काढून मोजलं. बरोब्बर माप. सरांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं आणि मग तिसऱ्यांदा मोजायला घेतलं.

तुम्ही म्हणाल, उष्णतेनं फुगला असेल. अहो, उलट! कापताना शाफ्ट तापतो, थंड झाला की आक्रसतो. म्हणजे आणखी बारीक व्हायला हवा होता...

दुपारी मशीन सुरू केलं आणि परातीत लालभडक दाणे टपाटप पडायला लागले. मी आणि लीना तिथेच नाचलो. मामाला सगळं सांगितलं तर तो दाणे चघळत म्हणाला, "सोनं दिलं न्हवं त्याला? मग अंग धरणारच की!"

हे मी लीनाच्या विद्यापीठातून लिहितेय, स्वेटर घालून. मशीन सोबत आणलंय. इथल्या लॅबमध्ये शाफ्ट परत मोजला, माप तेच. इतकं नेमकं कसं जमलं, असं इथल्या सरांनी विचारलं, तेव्हा आम्ही दोघी हसत सुटलो. काय सांगणार? मलाच अजून कळलेलं नाही.

आता नवा शाफ्ट करायला घेतला की लीना आधी मायक्रोमीटर लख्ख पुसते. मग त्याच्याच डबीत जपलेलं ते वाळलेलं पान काढून हळूच शाफ्टवर ठेवते. आणि मी, मेकॅनिकलची, तोवर लेथ सुरू करत नाही.