चिमीनं गिळलेलं प्यादं

“माह्या पोरीनं प्यादं गिळलं,” मी भर डावात वरडली, अन यवतमाळातली बायांची पयलीच बुद्धिबळ स्पर्धा जागच्या जागी थांबली.

मांडीवरची चिमी तोंड हालवत होती, अन मी आत्ताच मारलेलं प्यादं टेबलावर नव्हतं. झालं, मले वाटलं गिळलंच. (डोस्कं चालायले शाळा तरी कुठं पुरी झालती माही.) समोर खेळणाऱ्या मास्तरीणबाईनं पयले घड्याळच बंद केलं.

“बाई, तिचा वेळ चालू होता,” पंच म्हणे.

“लेकराच्या जिवावर बेतलंय, अन तुम्हाला वेळ सुचतो?” त्यायनं चिमीले पालथी धरून पाठीत थापट्या देल्या. चिमी हासली. मी रडली.

दारातून सासरे म्हणे, “सूनबाई, प्यादं कोन्तं व, काळं का पांढरं?”

“काळं, मामाजी.”

“मंग त्यायचं होय. आपलं नाई गेलं.”

(याच मानसानं मले डाव शिकवला. त्या साली कापसाले भाव नव्हता, घरभर कापूस पडून होता. त्याच्यावरच बसून खेळत जाओ आमी.)

कोनी केळं आनलं, कोनी म्हणे दवाखान्यात न्या. पळायले म्हणून मी उठली, तं माह्या कमरेतून प्यादं टपकन खाली पडलं.

आता काय सांगू? कापूस येचून येचून हाताले सवयच लागली, तोडला का ओटीत. प्यादं मारलं, तेबी पदराच्या ओटीत गेलं.

“मग ही काय चावत होती?” मास्तरीणबाई.

“काई नाई जी. दात येऊन राह्यले तिले.”

मले वाटलं, आता बोलतीन. तं त्यायनं चिमीले मांडीवर घेतलं. “राहू दे माझ्याजवळ. तू निवांत खेळ.”

माह्या मायनंबी एवढं केलं नसतं. पन चिमीनं त्यायचा चष्माच वढला. एका हातानं तो तिच्या तोंडातून काढता काढता त्यायनं दुसऱ्या हातानं राजापुढचा हत्ती सरकवला. माह्या वजिराले राजापर्यंत वाट मोकळी झाली.

ज्या बाईनं माही पोर सांभाळली, तिच्याच राजाले कसं मारू? मी आधी त्यायच्या पाया पडली. मंग मात देली.

“आता तरी हिला घे बाई,” त्या हासून म्हणे.

त्यायचे उपकार मी जल्मात इसरनार नाई. पन खरं सांगा, माह्या जागी तुमी असते, तं काय केलं असतं?