कळपातून निवडलेला

वडील वारले त्या दिवशी मी बीडला शाळेत शिकवत होतो. निरोप आला. मी निघालो. नांदूरघाटला पोचलो तेव्हा माती झाली होती.

वडील मेंढपाळ होते. बीडला शिकत असताना हे मी कोणालाही सांगितले नव्हते. कोणी विचारलेच तर 'शेती आहे' म्हणत असे. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन बीडच्या वाटेने जात आणि शाळेसमोर थोडे रेंगाळत. कशासाठी, ते मला ठाऊक होते.

एका वर्षी इंग्रजीच्या मास्तरांनी खिडकीतून ती मेंढरे पाहिली आणि फळ्यावर एक शब्द लिहिला, 'इग्रीजियस'. मास्तर हैदराबादचे, शब्दांचे शौकीन. ते म्हणाले, आता हा शब्द ढळढळीत चुकीला लावतात, पण पूर्वी तो स्तुतीचा होता. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कळपातून वेगळा काढलेला, म्हणून उत्तम. पण कळपातला तो एक ओळखायचा कसा, असे त्यांनी विचारले. वर्गात हे मला एकट्यालाच सांगता आले असते. मास्तरांनी वडिलांनाच आत बोलावले.

"लोकरीचा वास सुटला, बे," मागून कोणीतरी म्हणाले. पोरे हसली. मीही हसलो.

"क्या बाबा, झुंड में का उमदा मेंढा कैसा पहचानते?"

वडिलांनी पायताण दारात काढले. "दचकवायचं, सायेब. काठी आपटली की समदी एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालत्यात. एखादाच मान वर करून आपल्याकडं बघतो. त्यो ठिवायचा."

"वाह! बच्चे हैं?"

वडिलांची नजर बाकांवरून फिरत माझ्यापाशी आली. मी पुस्तकात डोके घातले.

"एक पोरगं हाय. शिकतंय."

"कहाँ?"

"लांब हाय, सायेब."

पायताण घालून ते गेले. पुढे कित्येक वर्षे आम्ही एका ताटात जेवलो, पण तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायला एक वाक्य पुरले असते.

दहाव्याला वडिलांचे जोडीदार मेंढपाळ शेजारी येऊन बसले. म्हणाले, "लई सांगायचा तुझा बा. मास्तरानं सायबाच्या शब्दाचा अर्थ मला इचारला, म्हनायचा. अन् माझं पोरगं म्होरंच बसलतं. मान बी वर केली न्हाई, समदं लिहून घेत हुतं."

मी त्या दिवशी काहीही लिहून घेतले नव्हते.

कळप चुलत्यांकडे गेला. वडिलांचे घोंगडे माझ्याकडे आहे, इंग्रजीचा कोशही आहे. त्यात त्या शब्दाशेजारच्या कोऱ्या जागेत वडिलांचे उत्तर आता माझ्या अक्षरात आहे.