कॅमेऱ्यावर फोडलेलं खापर

कपाटात आज जुना व्हिडिओ कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायची वायर सापडली, डांबरगोळ्यांच्या वासाची. लेकीच्या लग्नाआधी तो घेताना अकोल्याच्या दुकानदाराला मी तीनदा विचारलं होतं, "शूटिंग आमच्या कॉम्प्युटरवर कापता येईल नं?" केवढी मी हुशार! त्याच साली कपाशी बुडालेल्या बाळापूरकडच्या थोरल्या जाऊबाई लग्नभर एकाच विटक्या साडीत राबल्या. सोयऱ्यांपुढं शोभेना, म्हणून मी त्यांना फिल्ममधून कापून टाकलं.

बघताना त्या म्हणाल्या, "मी कुठीच नाई दिसून राहिली वं?"

"कॅमेऱ्याचं अन् कॉम्प्युटरचं जमलंच नाई, बाई. तुमचा भाग उतरलाच नाई."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "एवढ्या हौसेनं घेतला, अन् फसवलं वं तुले दुकानदारानं!"

वायर बिचारी तेव्हाही धड होती, आजही आहे.