आटलेल्या झऱ्याकाठची खोली

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. प्रकल्पाचा विषय कसा निवडायचा हे कुणाला विचारावं ते कळेना, म्हणून मी आवडला तो घेतला. जवळच्या गावात एक पवित्र झरा होता आणि त्याच्या काठी मध्ययुगातली दगडी प्रार्थनेची खोली. झरा आटला, खोली पडली, आता तिथे काहीच दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, जागा सापडली तर लिही, नाहीतर विषय बदल. मला तो बदलायचा नव्हता.

अब्बा इथे आखातात एसी दुरुस्तीचं काम करतात. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे त्यांनी मला हमद टाउनहून गाडीने तिकडे नेलं. दुकानात, मशिदीबाहेर ते हिंदीत एकच विचारत होते, दर्गा कुठे आहे? लोक हात हलवून 'मफी' म्हणत, म्हणजे नाहीच. आमच्या रत्नागिरीकडे पाण्याकाठी पवित्र जागा म्हटली की पिराची कबर आणि वर हिरवी चादर असायचीच. मीही तेच धरून चालले होते, कुंपणांतून डोकावून कबर शोधत होते.

शेवटी दारापुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना अब्बांनी दोन-तीनदा विचारलं, इथे पाण्याकाठी पिराची कबर कुठे आहे? त्यांना जुन्या भारतीय शेजाऱ्यांमुळे हिंदी येत होती. त्यांनी अब्बांकडे नीट पाहिलं.

"मघापासून कबर कबर करताय. तुमचं कोण मेलंय इथे?"

अब्बा गाडीकडे वळले. मला वाटलं, परत जावं. पण बाई चिडलेल्या दिसत नव्हत्या. वर्गात ऐकलेली एक जुनी प्रथा मला आठवली आणि मी चाचरत विचारलं, पूर्वी लग्नाआधी नवरीला आंघोळीला कुठे न्यायचे?

बाई लगेच उठल्या. ट्रक उभे असलेल्या मोकळ्या जागेत नेऊन त्यांनी हाताने दाखवलं: इथे पाणी, इथे खोली. कबर कुणाचीच नव्हती. नवरी न्हायची, त्या खोलीत नमाज पढायची आणि मग बायका गात तिला घरी न्यायच्या. खोलीचं दार समुद्राकडे होतं, असं त्या सांगत होत्या तोवर त्यांची धाकटी बहीण येऊन पोचली. तिच्या मते दार खजुरीच्या बागेकडे होतं.

"तू तर तुझ्या लग्नात नुसती रडत होतीस," बाई म्हणाल्या. "तुला दार कुठून दिसलं?"

बहीण हसली, पण दार काही हलवायला तयार झाली नाही. मी दोघींचं रेकॉर्ड केलं.

परतताना अब्बांना काळजी लागली. "अगो, मॅडम विचारतील, दार नक्की कुठं होतं. काय सांगशील?"

घरी येऊन मी जागेचा नकाशा केला, त्यात दोन्ही दारं काढली आणि दोन्हींखाली प्रश्नचिन्ह टाकलं. मॅडमनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, तुझी खात्री आहे?

"दाराची नाही," मी म्हटलं. "जागेची आहे."

त्या म्हणाल्या, मग लिही.