व्हरांड्यातली खाट

"जागा होईल जी." आश्रमाच्या दारात कुणीही येऊन उभं राहिलं की पाळकसाहेब एवढंच म्हणत आणि आपली खाट आणखी थोडी बाहेर सरकवत. माझी ओळख झाली तोवर ती व्हरांड्यात येऊन पोचली होती.

मुलांनो, ते लुथरन, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे. तुम्ही राहता त्या जर्मनीत त्यांची चर्च चौकाचौकात असतील. इथे वसईत कॅथलिक घरं पिढ्यान्‌पिढ्यांची, पण आमच्या उमेळ्यात लुथरन ते एकटेच. विदर्भात ते मिशनचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर तिकडचं घर विकून त्यांनी इथे बेवारस म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला. मी रोज सकाळी तिथे औषधं द्यायला जात असे.

आश्रमातली अर्नाळ्याची कोळीण हिराबाय त्यांची थट्टा करायचं सोडत नसे. "सायेब, मच्छरांना पन आश्रमात घेतलं का?"

"त्यायलेही जागा होते जी."

शेवटी तिनेच एक फाटकी मच्छरदाणी जाळं विणायच्या सुईने सांधून त्यांच्या खाटेला बांधली.

त्यांनी कुणाला आपला धर्म सोडायला लावलं नाही. हिंदू म्हातारी गेली की तिच्या रीतीने अग्नी, कॅथलिक गेली की तिच्या गावच्या फादरना निरोप. "मला मात्र इथेच पुरा," असं म्हणायचे.

"जागा विचारून ठेवलीत का?" मी कितीदा म्हटलं.

"होईल जी." आणि चहाचा कप पुढे करायचे.

गेल्या महिन्यात ते गेले. जवळच्या कॅथलिक दफनभूमीचे सेक्रेटरी स्वतः आले. खुर्चीवर बसले नाहीत. "बाई, नवी जागा उरलीच नाही. आमच्याच माणसांना घरची जुनी कबर उघडून पुरतो आम्ही. कुणाची उघडू, सांगा."

त्यांचं खोटं नव्हतं. मी विदर्भात फोन लावला.

विदर्भातून पुतण्या ॲम्ब्युलन्स घेऊन आला. फाटकाशी हिराबायने मला विचारलं, "सायेबांना कुठं नेतात?"

"त्यांच्या गावाला."

"मग हा गाव कुनाचा?"

आश्रम चालू आहे. परवा एक नवी म्हातारी आली. तिची पथारी आत कशीबशी बसवली. व्हरांड्यातल्या खाटेला कुणी हात लावत नाही. दिवेलागणीला हिराबाय त्या खाटेची मच्छरदाणी सोडते, चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचते आणि आत जाते.