पलीकडच्या खोलीतून आलेलं पत्र

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर तिने लोकांचे फोन जोडून दिले आणि त्यामुळेच की काय, फोनवर बोलण्याचा तिला मनस्वी तिटकारा. फोनवर माणूस एकतर खोटं बोलतो, नाहीतर ओरडतो, असं तिचं मत. सांगायचं ते ती लिहून कळवायची. आईचंही तसंच. लग्नानंतर दोघी बहिणी दोन शहरांत गेल्या आणि दर आठवड्याला एकमेकींना पत्र लिहीत राहिल्या. मावशीचं पत्र आलं की जेवणं झाल्यावर आई चष्मा पुसून ते मोठ्याने वाचून दाखवायची. बाबा गेल्यावर ऐकायला मी एकटीच उरले, तरी आवाज तेवढाच.

मग मावशीचे यजमानही गेले आणि मावशी कायमची आमच्याकडे राहायला आली. ती येणार म्हणून आई नुसती हरखून गेली होती. "आता पोटभर बोलू," म्हणायची.

बोलल्या. आधी नळावरून बोलल्या, कारण मावशी तो अर्धवट बंद करते. मग पंख्यावरून, मग चहावरून. लहानपणी भांडत एकत्र वाढलेल्या त्या थेट म्हातारपणी पुन्हा एका छपराखाली आल्या होत्या, मधला सराव कुणालाच नव्हता. पत्रात गळ्यात गळा आणि घरात छत्तीसचा आकडा. मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागले.

एक दिवस पोस्टमन आईच्या नावाचं पाकीट देऊन गेला. अक्षर मावशीचं, मागे पाठवणारीचा पत्ता आमचाच. मावशी समोर बसून वाटाणे सोलत होती. नाक्यावरच्या पत्रपेटीत टाकलेलं ते पत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, शिक्का खाऊन, पलीकडच्या खोलीतून या खोलीत आलं होतं.

जेवणं झाल्यावर आईने चष्मा पुसला. मावशी समोरच होती.

"चिरंजीव धाकटीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. घर हवेशीर आहे. भाची गुणी आहे, पण आळशी. घरातली बाई मात्र भारी तापट. नळावरून डोकं खाते. तुला नाही तर कुणाला सांगू?"

आता भडका उडणार म्हणून मी ताट उचलून उठलेच. आईने पत्राची घडी घातली आणि डोळे टिपले.

"बिचारी," ती म्हणाली. "किती सोसतेय."

मावशीने गंभीरपणे मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आईने उत्तर टाकलं. त्या बाईच्या स्वभावाला औषध नाही, पण मनाने ती वाईट नसावी, तू मोठी आहेस, सांभाळून घे, असं लिहिलं. पुढे लिहिलं, माझ्याकडेही सध्या एक पाहुणी आहे, तिला माझा चहा पाणचट लागतो. यावर मावशीचं उत्तर आलं, की अशा पाहुण्यांना दोन दिवस चहाच देऊ नये.

दिवसा भांडायचं आणि टपालाने एकमेकींची समजूत काढायची, असं सुरू झालं. मी दोघींना मोबाइलवर मेसेज करायला शिकवलं. मावशीने आईला पहिला मेसेज म्हणून अंगठा पाठवला. "हा कुणाला दाखवतेस?" म्हणून आईने दिवसभर अबोला धरला. मी पुन्हा त्या फंदात पडले नाही.

मग एका सकाळी दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि नाक्यावरची पत्रपेटी उपटून घेऊन गेली. ती जाण्याआधी मावशीने टाकलेलं पत्र दोन दिवसांनी आलं. त्या दिवशी आईने ते वाचून दाखवलं नाही. मला स्वयंपाकघरात ओढून तिने ते हातात दिलं.

"मनात वाच," म्हणाली.

मावशीने लिहिलं होतं, 'रविवारी धाकट्या दिरांकडे कायमचं जावं म्हणते. गाडी सांगितली आहे. इथे माझी अडचणच होते. त्या बाईला अजून कळू दिलेलं नाही. तूही कुठे बोलू नकोस.'

"अगं मग तिला जाऊन सांग, जाऊ नकोस म्हणून," मी म्हटलं.

"कसं सांगू? तिने मला विश्वासाने कळवलंय."

पलीकडच्या खोलीत मावशी कपाट रिकामं करत होती. हँगरचा आवाज इथपर्यंत येत होता. आईने बसून उत्तर लिहिलं. मी म्हटलं, दे इकडे, नेऊन देते.

"हातात दिलं तर ती चिठ्ठी होते," आई म्हणाली. "असलं काही चिठ्ठीत लिहितात का?"

दुखऱ्या गुडघ्यांनी, बस बदलून, ती मोठ्या पोस्टात जाऊन पत्र टाकून आली. पोस्टमन हल्ली रोज येत नाही. त्यानंतर शनिवारपर्यंत तो आलाच नाही. रविवारी टपाल नसतं हे पक्कं ठाऊक असूनही आई सकाळपासून गॅलरीत उभी होती. मला तिचा राग येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं.

शेवटी गाडी आली. मावशी बॅग घेऊन दारात चपला घालायला लागली.

"येते," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तशी ताठ उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघत मोठ्याने सुरू झाली.

"तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष."

मावशी एक चप्पल घालून थांबली.

"तुझं पत्र मिळालं. पत्रास कारण की..." आईचा आवाज अडकला. इतकी पत्रं वाचताना तो कधी अडकला नव्हता. "पत्रास कारण की, तू जाऊ नकोस. पत्रं काय, तू गेलीस तरी येतील. पण मला भांडायला दुसरं कुणी नाही गं. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे." आणि वर, "ताजा कलम. नळ नीट बंद करत जा."

खाली हॉर्न वाजत होता. मावशीने घातलेली चप्पल काढली आणि बॅग आत नेली. ड्रायव्हरच्या शिव्या खायला मी खाली गेले.

आईचं पत्र मंगळवारी आलं. नाव मावशीचं होतं, म्हणून जेवणं झाल्यावर ते मावशीनेच वाचलं.

"तुझी इच्छा असेल तर अवश्य जावे. मन मारून राहू नये. त्या बाईची काळजी करू नकोस, तिला सवय आहे. कळावे, लोभ असावा."

अक्षर सुरेख होतं, कुठे खाडाखोड नव्हती. आई खाली मान घालून रिकाम्या ताटाकडे बघत बसली. मावशीने पत्राची घडी घालून ते पाकिटात सरकवलं.

"बरं झालं, उशिरा आलं," ती म्हणाली, आणि नळ बंद करायला उठली.